चार टक्क्यांची मोकळीक : प्ले स्टोअर आणि दहा भारतीय कंपन्या

१ मार्च २०२४, शुक्रवार. गूगलने प्ले स्टोअरवरून भारतीय अ‍ॅप उतरवायला सुरुवात केली. भारत मॅट्रिमोनी आणि त्याच कंपनीची ख्रिश्चन मॅट्रिमोनी, मुस्लिम मॅट्रिमोनी; इन्फो एज कंपनीची नोकरी आणि ९९ एकर्स; शादी डॉट कॉम; मुंबईची ऑडिओ कंपनी कुकू एफएम; हरयाणवी-राजस्थानी मालिका दाखवणारं स्टेज; शिवाय डेटिंगची दोन-तीन अ‍ॅप. एकूण दहा कंपन्या. गूगलचं म्हणणं थोडक्यात असं होतं की या कंपन्या प्ले स्टोअरचा फायदा घेतात, बाकीचे दोन लाखांहून जास्त भारतीय डेव्हलपर नियम पाळतात, आणि या दहा मात्र पैसे देत नाहीत. तयारीला तीन वर्षं दिली, सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर आणखी तीन आठवडे दिले, आता पुरे.

अ‍ॅप उतरवलं म्हणजे नेमकं काय होतं? ज्याच्या फोनवर ते आधीच आहे त्याच्याकडे चालत राहतं. पण नवा माणूस ते घेऊ शकत नाही, कंपनीला अपडेट पाठवता येत नाही, आणि जाहिरातीतली लिंक दाबली की समोर काहीच येत नाही. लग्न जुळवणाऱ्या कंपनीला हे फार जिव्हारी लागतं. तिचा ग्राहक मुळात टिकण्यासाठी येतच नाही. स्थळ जमलं की तो अ‍ॅप काढून टाकतो, आणि जमावं म्हणूनच त्याने पैसे भरलेले असतात. रोज नवी नोंदणी आली नाही तर मागचा साठा झपाट्याने आटतो. भारत मॅट्रिमोनीचे संस्थापक मुरुगवेल जानकीरामन यांनी त्या दिवसाला भारतीय इंटरनेटचा काळा दिवस म्हटलं. शादी डॉट कॉमच्या अनुपम मित्तल यांनी ईस्ट इंडिया कंपनी आणि लगान काढला. भाषा भडक होती, पण तिच्या आड असलेला हिशेब खरा होता.

पुढच्या मंगळवारपर्यंत सगळी अ‍ॅप परत आली. म्हणून अनेकांनी हे प्रकरण ‘गूगल नमलं’ या मथळ्याखाली बंद करून टाकलं. मला ते तसं दिसत नाही. अ‍ॅप स्टोअर स्पर्धेला खुलं करावं की नाही, आणि करायचं तर नेमकं काय खुलं करायचं, याचा आपल्या देशातला सगळ्यात बोलका दाखला या पाच दिवसांत आणि त्याच्या मागच्या-पुढच्या पाच वर्षांत आहे.

हजार रुपयांचा हिशेब

वाद कशाचा होता ते आधी पैशात मांडू. करांचा भाग बाजूला ठेवतो.

प्ले स्टोअरवर अ‍ॅप ठेवायला फारसा खर्च नाही. स्विगीवरून वडापाव मागवला किंवा ओलाची रिक्षा बोलावली तर गूगलला त्यातलं काही मिळत नाही, कारण ती ‘प्रत्यक्ष’ वस्तू किंवा सेवा आहे. पण अ‍ॅपच्या आत वापरायची डिजिटल गोष्ट विकली, म्हणजे ऑडिओ पुस्तकांचं सबस्क्रिप्शन, गेममधली नाणी, लग्नाच्या अ‍ॅपवर संपर्क क्रमांक पाहण्याचा प्लॅन, तर त्यावर गूगलचं शुल्क आहे. वर्षाला पहिल्या दहा लाख डॉलरच्या विक्रीपर्यंत १५ टक्के, त्यापुढे ३० टक्के. सबस्क्रिप्शन असेल तर १५ टक्के. आणि मूळ नियमाप्रमाणे हे पैसे गूगलच्याच बिलिंग यंत्रणेतून यायला हवेत, म्हणजे शुल्क आपोआप आधीच कापलं जातं.

समजा कुकू एफएमसारख्या अ‍ॅपवर कुणी हजार रुपयांचं सबस्क्रिप्शन घेतलं. गूगलच्या बिलिंगने घेतलं तर १५० रुपये गूगलचे, ८५० कंपनीचे.

बाजारातल्या मक्तेदारीवर नजर ठेवणाऱ्या भारतीय स्पर्धा आयोगाचा दणका बसल्यावर गूगलने दुसरा पर्याय दिला: ग्राहकासमोर गूगलच्या बिलिंगशेजारी स्वतःचं पेमेंट गेटवेही ठेवा, ग्राहक निवडेल. याला नाव ‘युजर चॉइस बिलिंग’. ग्राहकाने तुमचं गेटवे निवडलं तर गूगल आपलं शुल्क चार टक्क्यांनी कमी करणार. म्हणजे १५ चे ११, ३० चे २६. आता हजारावर गूगलचे ११० रुपये. तुमच्या गेटवेवाल्याला दोन टक्क्यांच्या आसपास द्यावे लागतात, ते धरले २० रुपये. हातात आले ८७०. वाचले वीस रुपये. त्या वीस रुपयांत परतावा मागणारे ग्राहक, अडकलेले व्यवहार, दुहेरी हिशेब आणि गूगलला दरमहा कळवायचे आकडे हे सगळं तुम्ही सांभाळायचं. हा पर्याय घेण्यात फारशा कुणाला अर्थ वाटला नाही, यात नवल काय?

तिसरा पर्याय असा: अ‍ॅपमध्ये काहीच विकू नका. ग्राहक वेबसाइटवर जाऊन पैसे भरेल, अ‍ॅपमध्ये फक्त लॉग-इन करून ऐकेल. मग गूगलचं शुल्क शून्य, हजारातले ९८० तुमचे. मेख एवढीच की अ‍ॅपमधून त्या वेबसाइटकडे नेणारी लिंक द्यायची नाही. ग्राहकाने स्वतःहून ओळखायचं की पैसे भरायला दुसरीकडे जायचं आहे. फोनवरच सगळं करणाऱ्या, वेबसाइटचा पत्ता कधी टाइप न केलेल्या माणसाकडून ही अपेक्षा आहे. अशा वाटेवर किती ग्राहक गळतात हे कुठल्याही मार्केटिंगवाल्याला विचारा.

८५०, ८७० आणि ९८०. सगळी कोर्टबाजी या तीन आकड्यांमधली आहे. पहिल्या दोन आकड्यांत जे अंतर आहे त्याला ‘मोकळीक’ म्हणतात, आणि खरी मोकळीक तिसऱ्या आकड्याजवळ बसली आहे.

गूगलची बाजूही मांडली पाहिजे, ती अगदी पोकळ नाही. गूगल म्हणतं की शुल्क पैसे घेण्याच्या यंत्रणेचं नाही. अँड्रॉइड बनवणं, ते फोन कंपन्यांना फुकट देणं, अ‍ॅप तपासणं, जगभर पोहोचवणं या सगळ्याचं ते मोल आहे. भारतातले अवघे ३ टक्के डेव्हलपर हे शुल्क देतात, बाकीच्यांना सगळं फुकट मिळतं. हे खरं आहे. पण मग त्या ३ टक्क्यांनीच सगळ्यांचा भार का उचलायचा, आणि अब्जावधींची उलाढाल करणाऱ्या ई-कॉमर्स अ‍ॅपने काहीच का द्यायचं नाही, याचं उत्तर ‘तुमचा माल डिजिटल आहे’ एवढंच मिळतं. लग्न जुळवणाऱ्या कंपन्यांकडे फोनवर बोलणारी माणसं आहेत, गावोगाव कार्यालयं आहेत. त्यांचं काम डिजिटल आणि रिक्षा बोलावण्याचं काम प्रत्यक्ष, ही रेघ गूगलने स्वतःच्या सोयीने ओढली आहे. शिवाय यूट्यूबला हाच नियम लागत नाही, असं स्पर्धा आयोगाने २०२२ च्या निकालात नोंदवलं. घरच्या पोराला एक न्याय आणि शेजारच्याला दुसरा.

ठिणगी पेटीएमची

१८ सप्टेंबर २०२०. दुसऱ्या दिवशी आयपीएल सुरू होणार होती. पेटीएमने क्रिकेटची स्टिकर जमवून कॅशबॅक मिळवायची योजना काढली आणि गूगलने जुगाराच्या नियमावर बोट ठेवून पेटीएमचं अ‍ॅप काही तासांसाठी स्टोअरवरून काढलं. गूगल पे हा पेटीएमचा थेट प्रतिस्पर्धी, आणि काढणारा पंच गूगलच. नियम कदाचित बरोबर लावलाही असेल, पण पंचच समोरच्या संघाचा सलामीवीर असल्यावर निर्णय बरोबर असून भागत नाही.

दहा दिवसांनी गूगलने जाहीर केलं की बिलिंगचा नियम आता सक्तीने लागू होणार. भारतीय स्टार्टअपवाल्यांनी एकत्र येऊन ओरड केली. ५ ऑक्टोबरला पेटीएमने स्वतःचं ‘मिनी अ‍ॅप स्टोअर’ काढलं, आणि त्याच दिवशी गूगलने भारतापुरती मुदत मार्च २०२२ पर्यंत वाढवली, ती पुढे ऑक्टोबर २०२२ पर्यंत गेली. नोव्हेंबर २०२० मध्ये स्पर्धा आयोगाने चौकशीचे आदेश दिले.

मग आले २०२२ च्या ऑक्टोबरमधले दोन निकाल. २० तारखेला अँड्रॉइडच्या एकूण व्यवहाराबद्दल १,३३७.७६ कोटी रुपये दंड, २५ तारखेला प्ले स्टोअरच्या बिलिंगबद्दल ९३६.४४ कोटी. त्याच २५ तारखेला आयोगाचे अध्यक्ष निवृत्त झाले आणि पुढे मे २०२३ पर्यंत आयोगाला पूर्णवेळ अध्यक्षच नव्हता, गणसंख्याही पुरी होत नव्हती. गूगलने याच काळात चार टक्क्यांची सवलत आणून ‘आम्ही आदेश पाळला’ असं सांगितलं. तो पाळला की टाळला हे ठरवणाऱ्या खुर्चीवर कुणी नव्हतं. स्टार्टअपच्या संघटनेला एप्रिल २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात जाऊन सांगावं लागलं की आयोगाला आमचं म्हणणं ऐकायला सांगा.

काही कंपन्या मद्रास उच्च न्यायालयात गेल्या. तिथे ऑगस्ट २०२३ मध्ये एकल न्यायाधीशांनी आणि १९ जानेवारी २०२४ ला खंडपीठाने सांगितलं की हा विषय स्पर्धा आयोगाचा, दिवाणी दाव्याचा नाही. तोवर अंतरिम आदेशामुळे अ‍ॅप टिकून होती. ९ फेब्रुवारीला सर्वोच्च न्यायालयाने अंतरिम संरक्षण द्यायला नकार दिला. आयोग म्हणतो चौकशी चालू आहे, न्यायालय म्हणतं आयोगाकडे जा, आणि मधल्या फटीत गूगलने १ मार्च निवडला.

पाच दिवस

शनिवारी, २ मार्चला, माहिती तंत्रज्ञान मंत्री अश्विनी वैष्णव यांनी सांगितलं की स्टार्टअपना आवश्यक ते संरक्षण मिळेल, अ‍ॅप अशी काढू देता येणार नाहीत, सोमवारी गूगलला आणि कंपन्यांना बोलावलं आहे. इन्फो एजने त्याच दिवशी आपली काही अ‍ॅप परत मिळवली. तिचे संस्थापक संजीव बिखचंदानी यांचं म्हणणं होतं की आम्ही ९ फेब्रुवारीपासून नियम पाळतच होतो, मग काढलं कशाला? ५ मार्चला मंत्र्यांनी जाहीर केलं की गूगल सगळी अ‍ॅप परत घ्यायला तयार झालं आहे. गूगलने शब्द जपून वापरले: सहकार्याच्या भावनेने, तात्पुरतं, ज्यांची अपिलं सर्वोच्च न्यायालयात प्रलंबित आहेत त्यांची अ‍ॅप परत ठेवत आहोत. शुल्काची बिलं मात्र चालूच राहणार होती.

इथे माझं मत टाळ्या वाजवणाऱ्यांपेक्षा वेगळं आहे. मंत्र्यांनी फोन उचलला हे बरं झालं, पण फोन उचलावा लागला हे वाईट झालं. मॅट्रिमोनी, शादी, नोकरी या सगळ्या मोठ्या, शेअर बाजारात किंवा टीव्हीवर दिसणाऱ्या कंपन्या. त्यांच्यासाठी दिल्लीत बैठक लागते. साताऱ्यातल्या किंवा फोंड्यातल्या दोन पोरांनी काढलेलं स्पर्धा परीक्षेचं अ‍ॅप एखाद्या रात्री उतरलं, तर त्यांना मिळतो तो स्वयंचलित ईमेल आणि अपील करायचा एक फॉर्म. वजन असलेल्याचं काम वजनाने झालं, नियम होता तिथेच राहिला. शिवाय आज मंत्री ‘परत ठेवा’ म्हणू शकतो, तर उद्या ‘काढा’ही म्हणू शकतो. एकाच दुकानाच्या एकाच दारावर सगळ्यांची दुकानदारी अवलंबून असली की ते दार सरकारलाही फार सोयीचं पडतं.

१५ मार्चला आयोगाने शुल्काबद्दल नवी चौकशी लावली, आणि पाच दिवसांनी अंतरिम दिलासा नाकारला. २८ मार्च २०२५ ला राष्ट्रीय कंपनी कायदा अपील न्यायाधिकरणाने, म्हणजे एनक्लॅटने, बिलिंग प्रकरणातला दंड ९३६ कोटींवरून २१६.६९ कोटींवर आणला. वर्चस्वाचा गैरवापर झाला हा मूळ निष्कर्ष मात्र राखला. प्रकरण आता सर्वोच्च न्यायालयात आहे.

खोडून टाकलेला निर्देश

या सगळ्या गदारोळात ज्या गोष्टीकडे कमी लक्ष गेलं ती वर्षभर आधी घडली होती. २९ मार्च २०२३ ला एनक्लॅटने अँड्रॉइड प्रकरणातला १,३३७ कोटींचा दंड पूर्ण कायम ठेवला. वर्तमानपत्रांनी तोच मथळा केला. पण आयोगाने दंडासोबत दिलेल्या दहा निर्देशांपैकी चार एनक्लॅटने रद्द केले, आणि त्यांत दोन असे होते: एक, दुसऱ्या कंपन्यांची अ‍ॅप स्टोअर प्ले स्टोअरमधूनच घेता आली पाहिजेत, दोन, प्ले स्टोअरबाहेरून फोनवर अ‍ॅप टाकण्यावर गूगलने निर्बंध घालू नयेत. दंड भरून गूगलचं फार बिघडत नाही. हे दोन निर्देश टिकले असते तर बिघडलं असतं.

का, ते इंडस अ‍ॅपस्टोअरकडे पाहून कळतं. इंडस ही मुळात आयआयटी मुंबईतून बाहेर पडलेल्या मुलांनी भारतीय भाषांतल्या फोनसाठी काढलेली कंपनी. फोनपेने ती विकत घेतली आणि २१ फेब्रुवारी २०२४ ला, वरच्या घटनेच्या दीड आठवडाच आधी, अ‍ॅप स्टोअर म्हणून बाजारात आणली. मराठीसह बारा भारतीय भाषा, दोन लाखांवर अ‍ॅप, पहिल्या वर्षी नोंदणी फुकट, आणि डेव्हलपरने कुठलंही पेमेंट गेटवे लावावं, इंडस त्यावर कमिशन घेणार नाही. कागदावर याहून चांगला प्रतिस्पर्धी मिळणं कठीण. (फोनपेची मालकी अमेरिकेच्या वॉलमार्टकडे आहे, तेव्हा ‘स्वदेशी’ची झेंडेबाजी इथे थोडी आवरलेली बरी.)

आता हे स्टोअर फोनवर घ्यायचं कसं? प्ले स्टोअरमध्ये ते नाही. ब्राउझरमध्ये पत्ता टाइप करा. फाइल उतरवताना ब्राउझर सांगतो की ही फाइल धोकादायक असू शकते, तरी ठेवायची का? ठेवली आणि दाबली की फोन म्हणतो, सुरक्षेसाठी या स्रोतावरून अ‍ॅप टाकायला परवानगी नाही. सेटिंगमध्ये जा, ‘अज्ञात अ‍ॅप’च्या यादीत ब्राउझर शोधा, बटण सरकवा. तिथे पुन्हा तंबी: तुमचा फोन आणि माहिती धोक्यात येऊ शकते, जबाबदारी तुमची. परत मागे या, पुन्हा फाइल दाबा. मग प्ले प्रोटेक्ट, म्हणजे फोनमधली गूगलची सुरक्षा यंत्रणा, आपली तपासणी करणार. माझ्यासारख्याला यात गंमत वाटते. पण जिला नातवाने फोन लावून दिला आहे ती आजी दुसऱ्या तंबीला फोन खाली ठेवते, आणि तिचं काही चुकत नाही. म्हणूनच इंडसने फोन कंपन्यांशी करार करून स्टोअर आधीपासून फोनमध्ये बसवून देण्याची वाट धरली. तीच एक वाट उरते.

महाराष्ट्रात हा अनुभव एका वेगळ्या बाजारात येऊन गेला आहे. २०१६ मध्ये राज्याने फळं-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मुक्त केला आणि शेतकऱ्याकडून आडत घेणं बंद केलं. शेतकरी कुठेही विकायला मोकळा झाला. तरी पहाटे गाड्या मोठ्या प्रमाणात समितीच्याच आवारात लागत राहिल्या, कारण घेणारे, तोलणारे, रोख मोजणारे सगळे तिथे. कायद्याने दार उघडलं तरी गिऱ्हाईक दुसऱ्या दाराशी उभं राहायला हवं. फरक इतकाच की वाशीच्या बाजार समितीने बाहेरच्या रस्त्यावर ‘पुढे धोका आहे’ अशी पाटी लावली नव्हती.

धोका खोटा नाही

पाटी खोटी आहे असं मात्र मी म्हणणार नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर लग्नपत्रिका म्हणून एपीके फाइल (अँड्रॉइड अ‍ॅप फोनवर टाकणारी फाइल) येते, आरटीओचं चलन म्हणून येते, पीएम किसानचा हप्ता म्हणून येते. दाबली की ती एसएमएस वाचायची परवानगी घेते, ओटीपी पळवते आणि खातं रिकामं होतं. २०२५ मध्ये हिंगोलीतल्या एका सरकारी कर्मचाऱ्याचे लग्नपत्रिकेच्या अशाच फाइलमुळे पावणेदोन लाखांवर रुपये गेल्याची बातमी होती. पोलिसांचे सायबर विभाग याबद्दल वारंवार सांगत आहेत. बाहेरून अ‍ॅप टाकणं सरसकट सोपं करा, असं म्हणणाऱ्याने आधी या लोकांसमोर उभं राहून ते म्हणून दाखवावं.

पण याच युक्तिवादाची दुसरी बाजू पाहा. कर्जाच्या नावाखाली लोकांचे फोटो विद्रूप करून नातेवाइकांना पाठवणारी, वसुलीसाठी छळणारी अ‍ॅप आली कुठून? मोठ्या संख्येने प्ले स्टोअरवरूनच. एप्रिल २०२१ ते जुलै २०२२ या काळात गूगलने कर्ज देणाऱ्या अडीच हजारांहून जास्त अ‍ॅपवर कारवाई केली, असं अर्थमंत्र्यांनी संसदेत सांगितलं. म्हणजे तपासणी होती, तिचे पैसे आकारले जात होते, आणि तरी अडीच हजार अ‍ॅप आत शिरली होती. सुरक्षा हा दार बंद ठेवण्याचा पुरावा म्हणून मांडायचा, तर दाराआड काय चाललं होतं तेही मोजायला हवं.

शिवाय अनोळखी माणसाने पाठवलेली फाइल आणि नोंदणीकृत, पत्ता असलेलं, तपासणी करणारं दुसरं स्टोअर या दोन गोष्टींना एकच तंबी दाखवणं हे सुरक्षेचं काम नाही. त्याने उलट तंबीची किंमत कमी होते. इंडससाठी दोनदा ‘धोका आहे’ वाचून काही वाईट झालं नाही, असा अनुभव घेतलेला माणूस लग्नपत्रिकेच्या वेळी तिसऱ्यांदा बिनधास्त दाबतो. गूगलने ऑगस्ट २०२५ मध्ये जाहीर केलं की बाहेरून येणाऱ्या अ‍ॅपच्या डेव्हलपरलाही आता गूगलकडे ओळख पटवावी लागेल. सप्टेंबर २०२६ मध्ये ब्राझील, इंडोनेशिया, सिंगापूर आणि थायलंडपासून सुरुवात. फसवणूक याने काही प्रमाणात थांबेलही. पण मग स्टोअरबाहेरच्या रस्त्यावरचा फौजदारही गूगलच झाला.

बाहेर काय झालं

चार टक्क्यांची युक्ती भारतासाठी शोधलेली नाही. दक्षिण कोरियाने ऑगस्ट २०२१ मध्ये कायदा करून स्टोअरच्या बिलिंगची सक्ती बंद केली, तेव्हा गूगलने तिथेच ती पहिल्यांदा वापरली. सक्ती बंद, शुल्क जवळपास तेवढंच. युरोपात मार्च २०२४ पासून आयफोनवर दुसरी स्टोअर येऊ शकतात. अ‍ॅपलने त्यावर दहा लाखांपलीकडच्या प्रत्येक इन्स्टॉलमागे अर्धा युरो असं नवं शुल्क लावलं. अमेरिकेत बाहेरच्या लिंकवरून झालेल्या खरेदीवरही अ‍ॅपलने २७ टक्के लावले, तेव्हा एप्रिल २०२५ मध्ये न्यायाधीश इव्हॉन गोन्झालेझ रॉजर्स यांनी तो न्यायालयाचा अवमान ठरवला. भारतात आयफोनवर अजून दुसरं स्टोअर येऊच शकत नाही, पण आपल्याकडे शंभरातले ९५ च्या आसपास फोन अँड्रॉइड, म्हणून तो वाद इथे मागे पडतो.

आपल्याला सगळ्यात जवळचं आहे ते गेम बनवणाऱ्या एपिक कंपनीचं प्रकरण, एपिक विरुद्ध गूगल. ऑक्टोबर २०२४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोचे न्यायाधीश जेम्स डोनाटो यांनी आदेश दिला की गूगलने दुसरी स्टोअर प्ले स्टोअरमधून द्यावीत आणि प्ले स्टोअरवरच्या अ‍ॅपची यादीही त्यांना खुली करावी. जुलै २०२५ मध्ये अपील न्यायालयाने तो कायम केला. यातला पहिला भाग म्हणजे आपल्या स्पर्धा आयोगाने दोन वर्षं आधी दिलेला आणि एनक्लॅटने खोडलेला निर्देश. आणि तो डोक्यावर आल्यावर काय झालं? नोव्हेंबर २०२५ मध्ये गूगल आणि एपिकने न्यायालयापुढे तडजोड मांडली, तिच्यात शुल्काची मर्यादा व्यवहाराच्या प्रकारानुसार ९ किंवा २० टक्के होती, आणि नोंदणीकृत स्टोअर सोप्या पद्धतीने फोनवर घेता येतील अशी सोयही. भारतात बिलिंग ‘खुलं’ करून मिळाले ४ टक्के. तिकडे दुसऱ्या स्टोअरचं दार उघडणार असं दिसताच मूळ दर हलला.

म्हणून माझ्या मते आपल्याकडच्या मागण्यांचा क्रम चुकला. स्टार्टअपवाल्यांनी सगळा जोर ‘आमचं पेमेंट गेटवे चालू द्या’ यावर लावला, कारण रोज तेच टोचत होतं. गूगलने ते आनंदाने दिलं आणि शुल्काला दुसरं नाव दिलं. पेमेंट हा या धंद्यातला सगळ्यात स्वस्त भाग आहे. यूपीआयच्या देशात तर फारच. महाग आहे ती ग्राहकापर्यंतची वाट, आणि तिच्यावर एकच नाका आहे.

सर्वोच्च न्यायालयात किंवा मार्च २०२४ मध्ये मसुदा येऊन अजून कायदा न झालेल्या डिजिटल स्पर्धा विधेयकात एकच गोष्ट परत आणायची मुभा मला दिली, तर मी दंड वाढवून मागणार नाही. ठरावीक अटी पाळणारं स्टोअर प्ले स्टोअरमधून, एकाही तंबीशिवाय घेता यावं, एवढं मागेन. अटी कडक असाव्यात: भारतात नोंदणी, तक्रार घ्यायला माणूस, फसव्या अ‍ॅपची जबाबदारी, परवान्याविना कर्ज देणारं अ‍ॅप ठेवलं तर स्टोअरवर कारवाई. अनोळखी एपीकेवरच्या तंब्या मात्र आहेत तशाच राहू द्याव्यात, किंबहुना मराठीत आणि मोठ्या अक्षरांत याव्यात. सोबत अ‍ॅपमधून स्वतःच्या वेबसाइटची लिंक द्यायला कुणालाही मनाई नको.

तोवर मराठीत ऑडिओ, दिवाळी अंक किंवा क्लासचे व्हिडिओ विकणाऱ्या छोट्या माणसाने काय करावं? दहा लाख डॉलरच्या खाली असाल तर १५ टक्के हा दर टोचतो, पण मारत नाही. युजर चॉइसच्या भानगडीत पडण्यात त्या वीस रुपयांपलीकडे काही नाही. वेबसाइटवरची विक्री पहिल्या दिवसापासून उभी करा, यूपीआयने पैसे घ्या, आणि ग्राहकाचा फोन नंबर त्याच्या परवानगीने स्वतःच्या वहीत ठेवा, फक्त प्ले स्टोअरच्या खात्यात नाही. इंडसवरही अ‍ॅप टाकून ठेवा. १ मार्चला ज्यांच्याकडे आपल्या ग्राहकाला थेट निरोप पाठवायची सोय होती त्यांना निदान ‘आम्ही इथे आहोत’ एवढं तरी सांगता येत होतं.